चालतंय, मग हात कशाला लावायचा?

जुना प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावाच लागतो. विचारणारा बहुधा साहेब असतो, कधी हिशेबनीस, कधी नव्याने रुजू झालेला उमेदवार. प्रश्न रास्तही आहे. प्रोग्रॅम गंजत नाही, झिजत नाही. वीस वर्षांपूर्वी बरोबर बेरीज करणारा कोड आजही बरोबरच बेरीज करतो. मग युनिक्स आणि त्याच्याच धर्तीवरची लायनक्स या संगणक प्रणालींची देखभाल करणारी मंडळी, एकही नवी सोय न देता, महिनोन्‌महिने जुना कोड साफ करत का बसतात? आणि त्याच बैठकीत त्या कोडबद्दलची माहितीची पानं का सुधारत बसतात?

उत्तरासाठी आपण छपाईच्या आज्ञा घेऊ. प्रिंट मारणं हे काम सगळ्यांच्या ओळखीचं आहे, आणि युनिक्समध्ये या आज्ञांना जवळजवळ अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. इतक्या काळात कोड एका वाटेने गेला आणि त्याचं वर्णन दुसऱ्या वाटेने, असं अनेकदा घडलं. त्याची किंमत काय पडली, तेही नोंदलेलं आहे.

१. दळणाचा डबा

पिठाच्या गिरणीवर आपण दळण होईपर्यंत उभे राहत नाही. डबा ठेवतो, वर चिठ्ठी लावतो (नाव, गहू की ज्वारी, जाड की बारीक) आणि घरी येतो. गिरणीवाला क्रमाने डबे उचलतो. जातं एकच, गिऱ्हाइकं अनेक, तरी भांडण होत नाही, कारण मध्ये ओटा आहे आणि ओट्यावर रांग आहे.

युनिक्सची छपाई नेमकी अशीच चालते. 'एलपीआर' ही आज्ञा म्हणजे डबा नेऊन ठेवणारा माणूस. ज्या फोल्डरात ती आपली फाइल ठेवते त्याला 'स्पूल' म्हणतात, तो ओटा. मागे सतत जागा असलेला 'एलपीडी' नावाचा प्रोग्रॅम म्हणजे गिरणीवाला. असं पडद्यामागे राहून काम करणाऱ्या प्रोग्रॅमला युनिक्समध्ये 'डेमन' म्हणतात. 'एलपीक्यू' रांग दाखवते आणि 'एलपीआरएम' आपला डबा रांगेतून उचलून परत आणते.

स्पूलमध्ये प्रत्येक जॉबच्या, म्हणजे छापायला दिलेल्या प्रत्येक कामाच्या, किमान दोन फाइली होतात. एकीत धान्य, म्हणजे छापायचा मजकूर. दुसरीत चिठ्ठी: कुणी पाठवलं, कुठल्या यंत्रावरून, जॉबचं नाव काय. जुन्या पद्धतीत चिठ्ठीच्या फाइलचं नाव 'सीएफ' या अक्षरांनी सुरू होई आणि मजकुराच्या फाइलचं 'डीएफ'ने. पुढे तीन आकडी जॉब क्रमांक. आज लायनक्सवर चालणाऱ्या 'कप्स' या छपाई व्यवस्थेतही हाच जोड टिकून आहे. तिथे चिठ्ठीची फाइल 'सी'ने सुरू होते आणि मजकुराची 'डी'ने.

आता कचेरीतली नेहमीची तक्रार घ्या: प्रिंटर चालू आहे, कागद आहे, तरी प्रिंट येत नाही. याचं मूळ बऱ्याचदा एका साध्या फरकात असतं. ओट्यावर डबे घेणं ही एक गोष्ट आणि जातं फिरणं ही दुसरी. कप्समध्ये या दोन्हींची बटणं वेगवेगळी आहेत. छपाई करताना गडबड झाली, तर मूळ मांडणीत कप्स ती रांग थांबवून ठेवते, पण नवे जॉब घेत राहते. बिघाड दूर झाला तरी कुणीतरी 'कप्सएनेबल' ही आज्ञा दिल्याशिवाय जातं फिरत नाही. माणसं मात्र पुन्हा पुन्हा प्रिंट मारतात, आणि रांग सुरू झाली की एकाच पत्राच्या दहा प्रती बाहेर येतात. यात प्रोग्रॅमची चूक नाही. तो दोन बटणांचा फरक वापरणाऱ्याला कुणी लिहून दिलेला नसतो, एवढंच.

२. आज्ञेसोबतचं पान

लिहून देण्याची युनिक्सची पद्धत म्हणजे मॅन्युअल पेज, बोलीत 'मॅन पेज'. कुठल्याही आज्ञेच्या नावाआधी 'मॅन' लिहिलं की तिचं पान समोर येतं.

ही पद्धत युनिक्सइतकीच जुनी म्हणायला हरकत नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सला सुरुवात केली. त्याचे पहिले खरेखुरे गिऱ्हाईक म्हणजे तिथल्याच पेटंट विभागात अर्ज टंकणारी माणसं. म्हणजे मजकूर मांडणं आणि कागदावर उतरवणं हे युनिक्सचं अगदी सुरुवातीच्या काळापासूनचं पोटापाण्याचं काम. ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचं पहिलं मॅन्युअल थॉम्पसन आणि रिची यांनी लिहिलं, ते त्यांचे वरिष्ठ डग मॅकिलरॉय यांनी धरलेल्या आग्रहामुळे. मजकूर पानांत विभागून छपाईसाठी तयार करणारी 'पीआर' ही आज्ञा त्यात आहे आणि ती आजही जवळपास प्रत्येक लायनक्सवर मिळते.

त्या मॅन्युअलच्या पानांना ठरलेले मथळे होते: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फाइली, हेही पाहा, आणि बग्ज. आपल्या प्रोग्रॅममध्ये काय खोट आहे ते लिहिणाऱ्यानेच त्याच पानावर सांगायचं, हा तेव्हाचा रिवाज. विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात हा मथळा कधी सापडणार नाही. युनिक्समध्ये तो सापडतो, कारण पान लिहिणारा आणि कोड लिहिणारा बहुधा एकच माणूस होता, आणि ज्यांच्यासाठी लिहायचं ते शेजारच्या खोलीत बसत होते.

पानांचे विभागही ठरलेले आहेत. विभाग १ मध्ये सामान्य वापरकर्त्याच्या आज्ञा, विभाग ५ मध्ये फाइलींची रचना, विभाग ८ मध्ये व्यवस्थापकाची कामं. जुन्या छपाई व्यवस्थेची माहिती या तिन्हींत वाटलेली असे: 'एलपीआर' पहिल्यात, प्रिंटरांची यादी ठेवणारी 'प्रिंटकॅप' ही फाइल पाचव्यात, 'एलपीडी' आठव्यात. कोडमध्ये एक बदल झाला की तीन ठिकाणी कागद बदलायला हवा. नेमकं इथेच निसटायला सुरुवात होते.

३. दोन घराणी, एक छपाई

युनिक्सची पुढे दोन मोठी घराणी झाली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातलं ते बीएसडी, आणि एटी अँड टी कंपनीचं ते सिस्टिम फाइव्ह. बर्कलीने 'एलपीआर, एलपीक्यू, एलपीआरएम' चालवल्या. सिस्टिम फाइव्हने त्याच कामांसाठी 'एलपी, एलपीस्टॅट, कॅन्सल' अशा आज्ञा ठेवल्या.

एक छोटं उदाहरण पाहू. 'कचेरी' नावाच्या प्रिंटरवर 'अहवाल' या फाइलच्या दोन प्रती हव्यात. आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकायच्या. इथे उच्चारानुसार लिहितो.

बर्कलीची रीत: एलपीआर -पी कचेरी -#२ अहवाल
सिस्टिम फाइव्हची रीत: एलपी -डी कचेरी -एन २ अहवाल

काम तेच, खुणा वेगळ्या. पुढे एकाच यंत्रावर दोन्ही सवयींची माणसं आली. मायकेल स्वीट यांनी १९९७ साली कप्स लिहायला घेतली तेव्हा त्यांनी एक घराणं निवडून दुसऱ्याला नारळ दिला नाही. आत रांग एकच ठेवली आणि बाहेर दोन्ही घराण्यांच्या आज्ञा चालू ठेवल्या. १९९९ मध्ये कप्स लोकांसमोर आली, २००२ साली ॲपलने ती आपल्या मॅक यंत्रणेत घेतली, आणि लायनक्सवर तर ती घराघरात पोहोचली.

पण जुन्या 'एलपीआर'च्या काही खुणा आता निरुपयोगी होत्या. मजकूर फोर्ट्रानच्या प्रोग्रॅममधून आला आहे, तो ट्रॉफ या मजकूर मांडणाऱ्या प्रोग्रॅममधून आला आहे, ही चिपच्या आराखड्याची आकृती आहे, असं सांगणारी एकेक अक्षरी खूण असे. ते जग संपलं होतं. कप्सने या खुणा काढल्या. कशा काढल्या ते बघण्यासारखं आहे. कप्सच्या 'एलपीआर'च्या पानावर स्पष्ट लिहिलंय की सी, डी, एफ, जी, आय, एन, टी, व्ही आणि डब्ल्यू या खुणा इथे चालत नाहीत आणि वापरल्यास इशारा मिळेल. म्हणजे कोड गाळला, गाळल्याची नोंद पानावर केली, आणि जुनी सवय असलेल्याला प्रोग्रॅमनेही तोंडाने सांगितलं. कोड क्लीनअपचा हा उत्तम नमुना. नुसता कोड गाळला असता, तर कुणाची तरी वीस वर्षं चाललेली स्क्रिप्ट एके सकाळी मुकाट्याने चुकीचं छापू लागली असती.

४. आधी कोड, मागून कागद

एका यंत्राने दुसऱ्या यंत्रावरच्या गिरणीवाल्याला डबा कसा द्यायचा, याचे नियम बर्कलीच्या कोडमध्ये होते. ते कागदावर आले ऑगस्ट १९९० मध्ये, 'आरएफसी ११७९' या क्रमांकाने. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कारभाराचे क्रमांकित दस्तऐवज. या दस्तऐवजाने आरंभीच सांगितलंय की आधीच वापरात असलेली पद्धत आम्ही नोंदवतो आहोत, नवं मानक ठरवत नाही. इमारत उभी राहिल्यावर नकाशा काढावा तसा हा प्रकार.

या नकाशातली एक भिंत जरा वेगळ्या जागी पडली. ते समजायला आधी 'पोर्ट' म्हणजे काय ते पाहू. जाळ्यावरचं संभाषण दोन्ही टोकांना क्रमांकित पोर्टांतून होतं. एलपीडी ५१५ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसतो. पाठवणाऱ्यालाही आपल्या बाजूचा एखादा पोर्ट लागतो. युनिक्समध्ये १०२४च्या खालचे पोर्ट फक्त सर्वाधिकारी 'रूट' वापरू शकतो. म्हणून एलपीडीने ठरवलं की पाठवणाऱ्याचा पोर्ट १०२४च्या खालचा असेल, तर तो भरवशाचा प्रोग्रॅम आहे असं समजायचं.

बर्कलीचा कोड १०२३पासून खाली मोकळा पोर्ट शोधत जाई. आरएफसीत मात्र लिहिलं गेलं की पाठवणाऱ्याचा पोर्ट ७२१ ते ७३१ यांमधलाच हवा. म्हणजे फक्त अकरा. ज्यांनी कोड न बघता कागदावरून नवा प्रोग्रॅम लिहिला, त्यांनी हे अकराच धरले.

आता हिशेब करू. एकदा वापरलेला पोर्ट संभाषण संपल्यावर लगेच मोकळा होत नाही. वाटेत रेंगाळलेला एखादा तुकडा नव्या संभाषणात घुसू नये म्हणून त्याला विश्रांती दिली जाते. मूळ नियमाप्रमाणे ती चार मिनिटांची. समजा, एका कारखान्याच्या पगारपत्रकाच्या ४० पावत्या वेगवेगळ्या जॉबांनी एकापाठोपाठ सोडल्या. पहिल्या ११ गेल्या. बारावीला पोर्ट नाही. ती चार मिनिटं थांबली. मग आणखी ११, पुन्हा थांबा, पुन्हा ११, पुन्हा थांबा, शेवटी उरलेल्या ७. तीन थांबे, म्हणजे १२ मिनिटं फुकट. हाच प्रोग्रॅम ५१२ ते १०२३ या पट्ट्यातले पोर्ट वापरत असता तर त्याच्या हाती ५१२ पोर्ट असते आणि चाळीसही पावत्या एका दमात गेल्या असत्या.

खोळंब्याचं कारण शोधणारा माणूस काय बघेल? प्रिंटर बघेल, केबल बघेल, जाळं बघेल. दस्तऐवजाशी ताडून बघेल, तर कोड अगदी नियमाप्रमाणे निघेल. दोष मूळ कागदातल्या एका ओळीत आहे, हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही. पुढे अनेक प्रोग्रॅमांनी हा पट्टा वाढवला, म्हणजे कागद सोडून कोडच्या जुन्या चालीकडे परत गेले.

५. एका ओळीची साफसफाई

आता उलटी बाजू. कागद ठीक, पण कोडमध्ये आळस राहिला तर?

बर्कलीच्या एलपीडीला पर्याय म्हणून पॅट्रिक पॉवेल यांनी 'एलपीआरएनजी' लिहिलं. काम तेच, सोयी जास्त. लायनक्सच्या काही वाणांनी ते स्वीकारलं. कुठल्याही डेमनप्रमाणे तेही घडलेल्या गोष्टींची नोंद 'सिसलॉग' नावाच्या सोयीकडे पाठवत असे.

सिसलॉगला नोंद देताना दोन भाग द्यायचे असतात: आधी साचा, मग साच्यात भरायचा मजकूर. साच्यात टक्क्याचं चिन्ह आलं की त्याला अर्थ असतो. टक्का आणि 'एस' म्हणजे 'इथे शब्द भर'. टक्का आणि 'डी' म्हणजे 'इथे आकडा भर'. टक्का आणि 'एन' तर प्रोग्रॅमच्या स्मृतीत आकडा लिहायला लावतो. एलपीआरएनजीमध्ये निदान दोन ठिकाणी साचा द्यायचाच राहिला होता. बाहेरून आलेला मजकूरच साचा म्हणून पुढे सरकवला जात होता. मजकुरात टक्का नसेल तोवर काहीच बिघडत नव्हतं. रोजच्या वापरात तो कोड चालतच होता!

पण ५१५ पोर्टवर कुणीही बोलू शकत होतं. मुद्दाम टक्क्यांची पेरणी केलेला मजकूर पाठवला, की डेमन पाठवणाऱ्याच्या तालावर नाचू लागे, आणि डेमनच्या हाती रूटचे अधिकार. डिसेंबर २०००मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या सुरक्षा केंद्राने यावर इशारा दिला. जानेवारी २००१मध्ये 'रॅमेन' नावाचा वर्म, म्हणजे आपणहून यंत्रामागून यंत्र गाठत जाणारा प्रोग्रॅम, फिरू लागला. रेड हॅट लायनक्सच्या ७.० आवृत्तीत शिरायला त्याने हेच दार वापरलं आणि घुसलेल्या यंत्रांची वेबपानं बदलून नूडल्सचं चित्र लावलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हे असं.

दुरुस्ती केवढी? प्रत्येक ठिकाणी साच्याच्या जागी टक्का आणि 'एस' घालायचा. एका ओळीत दोन-चार अक्षरं. 'चालतंय' आणि 'बरोबर आहे' यांतला फरक कधी कधी एवढाच असतो, आणि तो वापरून दिसत नाही. ओळन्‌ओळ वाचूनच दिसतो.

६. माळ्यावरचा कोड

तिसरी कथा सर्वांत अलीकडची. कप्सचे जुने सर्व्हर आपल्याकडचे प्रिंटर जाळ्यावर दवंडी पिटून जाहीर करत: ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर एक छोटा संदेश, 'माझ्याकडे अमुक प्रिंटर आहे, पत्ता तमुक'. २०१२ मधल्या १.६ आवृत्तीत कप्सने ही पद्धत काढली आणि जास्त शिस्तीची दुसरी घेतली. पण जुने सर्व्हर असलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी 'कप्स-ब्राउज्ड' नावाच्या जोड प्रोग्रॅमने जुनी दवंडी ऐकणं चालू ठेवलं. हेतू चांगला होता.

वर्षं गेली. जुने सर्व्हर संपत आले. ऐकणारा कोड मात्र राहिला. तो सगळ्या दिशांनी ऐकत होता आणि कुणाच्याही दवंडीवर विश्वास ठेवत होता. २६ सप्टेंबर २०२४ रोजी सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने दाखवून दिलं की बाहेरचा माणूस खोट्या प्रिंटरची दवंडी पिटू शकतो. मग आपलं यंत्र स्वतःहून त्या खोट्या प्रिंटरकडे जाऊन त्याची माहिती विचारतं, मिळालेली माहिती न तपासता लिहून घेतं, आणि कुणी त्या प्रिंटरवर प्रिंट मारली की माहितीत दडवलेली आज्ञा यंत्रावर चालते. यात चार वेगवेगळे दोष साखळीसारखे जोडलेले होते. प्रत्येक एकेकटा किरकोळ वाटावा असा.

तातडीचा सल्ला होता की कप्स-ब्राउज्ड बंद करा आणि ६३१ पोर्टवर बाहेरून येणारे संदेश अडवा. कायमचा इलाज म्हणून ओपनप्रिंटिंग या प्रकल्पाने जुनी दवंडी ऐकणारा कोडच काढून टाकला. त्या भागात घालायचं काही नव्हतं. नुसतं काढायचं होतं.

'हात कशाला लावायचा' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. कोड गंजत नाही हे खरं, पण त्याच्या भोवतीचं जग बदलतं. चार ओळखीच्या यंत्रांसाठी लिहिलेला भरवसा पुढे अख्ख्या इंटरनेटसमोर उघडा पडतो.

७. जे माहीत आहे तेवढंच सांगा

प्रोग्रॅमचे संदेश हेही दस्तऐवजच असतात. लायनक्सच्या गाभ्यात जुन्या समांतर पोर्टवरचा (इथे पोर्ट म्हणजे यंत्राला केबल जोडायची जागा) प्रिंटर हाताळणारा एक भाग आहे. प्रिंटरकडून त्याला मोजकेच इशारे मिळतात: बिघाड आहे का, कागद संपलाय का, प्रिंटर तयार आहे का. कोड क्रमाने विचारतो. बिघाड नाही? ठीक. कागद नाही? 'कागद संपला' असा संदेश. तयार नाही? 'ऑफलाइन'. आणि प्रिंटर बिघाड म्हणतोय, पण कागद आहे आणि तयारही आहे, असं असेल तर? तेव्हा पडद्यावर येतं, 'एलपी-शून्य ऑन फायर'. म्हणजे प्रिंटर पेटलाय.

जाणकार हसतात, नवखा माणूस पाण्याची बादली शोधतो. वास्तविक त्या क्षणी कोडला एवढंच माहीत असतं की काहीतरी बिघडलंय आणि काय ते प्रिंटर सांगत नाही. खरा संदेश तेवढाच असायला हवा. या संदेशाला आता दंतकथेचा मान मिळाला आहे, त्यामुळे तो तिथेच राहिला. पण आपल्या कचेरीच्या प्रोग्रॅममध्ये असा विनोद सापडला तर काढावा. रात्री अकरा वाजता बिलं छापणाऱ्या माणसाला तो विनोद वाटत नाही.

८. साफ करायचं कसं

आता एक काल्पनिक काम हाती घेऊ. समजा, एका सहकारी पतपेढीत 'पावती' नावाची छोटी स्क्रिप्ट आहे. फाइल दिली की ती छापते. तिच्या माहितीच्या कागदावर लिहिलंय, 'प्रिंटरचं नाव न दिल्यास नेहमीच्या प्रिंटरवर छापते'. स्क्रिप्टमध्ये मात्र कुणीतरी कधीतरी हिशेब विभागाच्या प्रिंटरचं नाव कायमचं लिहून ठेवलंय. शिवाय फोर्ट्रानची ती जुनी 'एफ' खूणही आहे, जिच्याबद्दल कप्स रोज इशारा देते आणि कुणी वाचत नाही. स्क्रिप्ट चालते. काउंटरवरच्या पावत्या मात्र वरच्या मजल्यावर निघतात आणि शिपाई त्या आणायला जातो.

पहिली पायरी: आहे तसं वागणं नोंदवा. दोन-चार नेहमीच्या फाइली छापून काय येतं, कुठे येतं ते लिहून ठेवा. सफाईनंतर हीच परीक्षा पुन्हा घ्यायची आहे.

दुसरी: इशारे वाचा. सी भाषेतला कोड असेल तर कंपायलरचे सगळे इशारे चालू करून एकेक मिटवा. संशयास्पद कोड हुडकणारा 'लिंट' हा प्रोग्रॅम बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली याच कामासाठी लिहिला. आपल्या स्क्रिप्टमध्ये कप्सचा इशाराच पुरेसा आहे. 'एफ' खूण काढा, पुन्हा छापून बघा. कागदावर काही फरक नाही. हा एक बदल, एक नोंद.

तिसरी: सफाई आणि सुधारणा एकाच पॅचमध्ये, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या बदलात, घालू नका. हिशेब विभागाच्या प्रिंटरचं नाव काढलं तर वागणं बदलणार. तो वेगळा निर्णय, वेगळा पॅच. कदाचित वरच्या मजल्यावरच्या कुणालातरी त्या पावत्यांची एक प्रत खरोखरच हवी असेल. आधी विचारा.

चौथी: काढायच्या गोष्टीची आगाऊ सूचना द्या. कप्समधल्या जुन्या पद्धतीच्या प्रिंटर ड्रायव्हरांचे दिवस भरत आले आहेत. अशा ड्रायव्हरने नवा प्रिंटर जोडताना 'एलपीॲडमिन' ही आज्ञाच बजावते की पुढच्या एखाद्या आवृत्तीत हे चालणार नाही. लोकांना आवरासावर करायला वेळ मिळतो.

पाचवी, आणि हीच बहुतेक ठिकाणी राहून जाते: कोड बदलला त्याच पॅचमध्ये पान बदला. 'कागद नंतर करू' म्हटलं की तो होत नाही. ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यात मॅन पेजमधली चूक ही कोडमधल्या बगइतकीच चूक मानतात. विचारून झाल्यावर काउंटरचा प्रिंटर ठरला, तर आपल्या 'पावती'च्या कागदावर आता असं लिहावं लागेल: 'प्रिंटरचं नाव न दिल्यास काउंटरच्या प्रिंटरवर छापते. रांग थांबली असेल तर जॉब स्वीकारला जातो, पण छापला जात नाही. रांग एलपीस्टॅटने बघा, कप्सएनेबलने सुरू करा.' हे लिहिताना एक गंमत होते. वाक्य साधं होत नसेल, 'पण', 'अपवाद', 'सोमवारी सोडून' असं काही शिरत असेल, तर समजावं की कोडच अजून सरळ झालेला नाही.

एक अट मात्र सगळ्यांच्या आधीची. कोड हाती असायला हवा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी एका जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सोय केली होती की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाई. नंतर झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड मिळाला नाही आणि ती सोय करता आली नाही. ही हकिगत ते स्वतःच पुढे अनेकदा सांगत आले. १९८३ साली त्यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागच्या अनुभवांत हा प्रिंटर होता.

९. तर मग हात लावायचा का?

वरच्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट दिसते. अकरा पोर्टांच्या कथेत कोड ठीक होता, कागद चुकला. टक्क्याच्या कथेत कागद ठीक होता, कोड चुकला. दवंडीच्या कथेत एकेकाळी दोन्ही ठीक होते, जग पुढे गेलं. तिन्ही ठिकाणी प्रोग्रॅम चालत होता. म्हणून 'चालतंय का' हा प्रश्न अपुरा आहे. विचारायला हवं ते हे: 'तो जे करतो असं आपण सांगतो, तेच करतो का, आणि ते करायची अजून गरज आहे का?' कोड क्लीनअप म्हणजे पहिल्या अर्ध्या प्रश्नासाठी ओळी दुरुस्त करणं आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी ओळी काढणं. दस्तऐवजांशिवाय यातला पहिला अर्धा प्रश्न विचारताच येत नाही, कारण ताडून बघायला काही उरत नाही.

याची सुरुवात करायला प्रोग्रॅमर असण्याचीही गरज नाही. लायनक्स आणि कप्स असलेल्या कुठल्याही यंत्रावर 'मॅन एलपीआर' टंका आणि तिथे लिहिलेल्या खुणा एकेक करून वापरून बघा. पानावर एक आणि यंत्रावर दुसरं असं आढळलं, तर काय टंकलं, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, एवढ्या तीन गोष्टी देखभाल करणाऱ्यांना कळवा. कोड चुकलाय की पान, हे ते ठरवतील.